महाराजांची रेघ

"पाण्यावर रेघ मारून दाखव. मग मी त्या रेघेच्या अलीकडे येणार नाही," हैबतराजा म्हणाला आणि सगळा दरबार खो-खो हसला. हसली नाही ती एकटी पवळी.

पवळी म्हणजे तांबळखाडीच्या कोळीवाड्यातली पोर. ती दरबारात आली होती ती पाणघोड्याची तक्रार घेऊन. राजवाड्याच्या सुताराला काय बुद्धी झाली कोण जाणे, त्याने महाराजांना एकट्याने बसायची एक होडी करून दिली होती, तीच हा पाणघोडा. पुढे लाकडी घोड्याचं तोंड, खाली एक चाक, आणि ते चाक पायांनी फिरवायचं. चाक फिरलं की होडी सुसाट! झालं, महाराजांना दुसरं काही सुचेना. उठले की खाडीत, जेवले की खाडीत. राज्यकारभार दिवाणजींच्या गळ्यात.

आता ओहोटीला त्याच खाडीत कोळिणी उतरायच्या. कमरेभर, छातीभर पाण्यात उभं राहायचं, पायाच्या बोटांनी चिखल चाचपायचा आणि तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, लागल्या की बुडी मारून टोपलीत भरायच्या. निम्म्या कोळीवाड्याचं पोट त्यावर चालायचं. पाणघोडा मधून उधळला की टोपल्या उलट्या आणि बाया उताण्या. गेल्या सोमवारी तर त्याचं चाक पवळीच्या आईच्या गुडघ्यावर बसलं. म्हातारी तेव्हापासून बाजेवर पडून होती. पवळीच्या जिवाची नुसती आग होत होती.

रेघेची अट ऐकून दिवाणजींना चेव आला. त्यांनी आणखी अटी जोडल्या. पाण्यात खुंट ठोकायचा नाही, दोर बांधायचा नाही, पहारेकरी उभा करायचा नाही. रेघ भरतीला पुसली जाता कामा नये, ओहोटीला कोरडी पडता कामा नये. आणि महाराजांना पाणघोड्यावर बसल्या जागी दिसली पाहिजे. चार दिवसांत जमलं नाही, तर कोळिणींनी खाडीत पाऊल टाकायचं नाही, ओहोटी असो नाहीतर भरती.

पवळी घरी आली ती तोंड एवढंसं करून. वाड्यात ज्याला त्याला उपाय सुचत होते. काका म्हणाले, हळदीचा पट्टा ओढू. ओढला, आणि पुढच्या लाटेने नेला. शेजारची म्हणाली, किनाऱ्यावरच्या दगडांवरून अंदाज बांधावा. पण पाणी एका जागी राहतं कुठे? ओहोटीला बाया अर्धा कोस आत जातात आणि भरतीला घरी मासे वाळवत बसतात. एका जागची रेघ मारायची तरी कुठे?

चौथ्या दिवशी सकाळी पवळी टोपली घेऊन निघाली. न जाणो, आजची ओहोटी शेवटचीच ठरायची. आईने बाजेवरूनच हाक मारली आणि रोजचंच सांगितलं, "मोरणी भिजायच्या आत माघारी फिर गं."

कोळिणींचा हा जुना शिरस्ता. पाणी नाकातल्या मोरणीला लागलं की तिथून पुढे जायचं नाही. मोरणी आज्जीची असो की नातीची, नियम एकच. पवळी दारातच थबकली. टोपली तिथेच टाकून ती हसतच राजवाड्याकडे पळत सुटली.

तिने निरोप धाडला, रेघ तयार आहे, महाराजांनी खाडीवर यावं. महाराज आले, दरबार आला, दिवाणजी सावलीसाठी छत्री घेऊन आले. पवळीने महाराजांना पाण्यात उतरून सरळ चालत राहायला सांगितलं. दिवाणजी फणकारले, पण महाराजांना गंमत वाटली. ते निघाले. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, गळ्याला आलं. पवळी बाजूने पोहत होती. आणखी दोन पावलं, आणि महाराजांनी मान वर करून हात उंचावला.

"बास! मिशी भिजतेय माझी!"

हैबतराजाची मिशी म्हणजे काय सांगावं! दोन्ही टोकांना पीळ आणि रोज सकाळी मेण. दोन नोकर केवळ तिच्यासाठी होते.

"झाली रेघ, महाराज," पवळी म्हणाली. "आपणच मारलीत."

"कुठाय?"

"आपल्या मिशीवर. जिथे उभं राहून मिशी कोरडी राहते ते पाणी आमचं. मिशी भिजली की पुढची सगळी खाडी पाणघोड्याची. भरतीला ही रेघ पुसत नाही आणि ओहोटीला सुकत नाही. पाणी आत गेलं की आम्ही त्याच्यामागे जातो, आणि रेघही येते. बसल्या जागी दिसते का, तेवढं नाकाखाली बघून सांगावं."

महाराजांनी डोळे तिरळे करून खाली पाहिलं. मिशीची दोन्ही टोकं स्पष्ट दिसत होती.

दिवाणजी किनाऱ्यावरून ओरडले, मग महाराजांनी दर वेळी पाण्यात उड्या मारायच्या की काय? पवळीने पोहत जाऊन एक बांबू आणला, महाराजांच्या टाचेपासून मिशीपर्यंत मापला आणि तिथे खूण केली. हा पाणघोड्याच्या मानेला लटकवायचा. तळाला टेकवून खूण पाण्यावर राहिली, तर तोंड फिरवायचं.

महाराजही काही कच्चे नव्हते. त्यांनी मिशीची टोकं चिमटीत धरली आणि हनुवटीपर्यंत खाली ओढली. "आणि मी मिशी अशी खाली वळवली तर? मग लवकर भिजेल, आणि तुमचं वीतभर पाणी माझं!"

"वळवा की," पवळी म्हणाली. "आम्ही वीतभर अलीकडे सरकू. फक्त बाजारात कुणी विचारलं, तर खरं ते सांगावं लागेल. चार तिसऱ्यांसाठी आमच्या राजाने मिशी खाली केली."

मग महाराज हसू लागले. इतके हसले की नाकातोंडात पाणी गेलं आणि मेणाचा पीळ सुटला. दिवाणजीही हसू लागले आणि त्यांची छत्री वाऱ्याबरोबर गेली.

महाराजांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून पवळीच्या हातात घातलं, आईसाठी राजवैद्य धाडला आणि म्हातारीला नवी मोरणी घडवायचा हुकूम सोडला. मग मिशीला पुन्हा पीळ देत ते पाणघोड्यावर चढले आणि बांबू टेकवत टेकवत खोल पाण्याकडे निघाले.