खताचा माग काढणारी गोजराबाई

फार वर्षांपूर्वी, आमच्या पणज्या परकरात होत्या तेव्हा, निमखेड्यात पहिल्यांदा पांढरं खत आलं. बंधाऱ्याचं पाणी पंधरा दिवसांनी पाळीनं मिळायचं. म्हणून लोक खत फेकायचे आणि पाळी आली की वाफे तुडुंब भरायचे. हक्काचं पाणी सोडवतंय कुणाला?

गोजराबाईचा नवरा गेलेला, शेत ती एकटीच कसायची. तिनंही तसंच केलं आणि गहू पिवळा पडला. दीर बयाजी बांधावर येऊन म्हणाला, "वैनी, औंदा गहू गेला तर पुढल्या साली हितं औत माझं चालंल."

पण गोजराबाई भारी चौकस.

"दोन पाट्या खत टाकलंय म्या. ते गेलं कुठं, आधी त्ये बघते."

तिनं गळ्याइतका खड्डा खणला आणि आत उतरून वितीवितीवरची माती चाखली. वरची अळणी, मुळांपाशीही अळणी. मुळांच्या कितीतरी खाली, चिखलात, खताची चव लागली. पाण्यानं ते खाली ओढून नेलं होतं. मग ती पाणी न पोचलेल्या कोपऱ्यात गेली. तिथं खत वरच पडून होतं, कोरड्या मातीत जागचं हललं नव्हतं.

पुढच्या पाळीला तिनं निम्मंच पाणी घेऊन बारं मोडलं आणि बाकीचं पाणी पुढं सोडून दिलं. लोक हसले. तिनं माती वापशावर, ना चिखल ना कोरडी अशी, येऊ दिली आणि उरलेलं पाटीभर खत खुरप्यानं मातीत मिसळलं. असं म्हणतात, की नऊ दिवस ती जमिनीला कान लावून खताची चाल ऐकत होती. नवव्या दिवशी उठली आणि म्हणाली, "पोचलं."

गहू असा हिरवा झाला, की पोपट त्यात उतरले तर दिसायचे नाहीत, असं म्हणतात. बयाजी बघायला आला आणि म्हणाला, "वैनी, माझ्या रानाची माती बी बघता का?"

निमखेड्यात आजही खताचं पोतं उघडण्याआधी मूठभर माती दाबून तिचा लाडू करतात आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडतात. फार ओलीमुळं लाडू तसाच राहिला तर गोजराबाई थांब म्हणते. वळलाच नाही तर पाणी दे म्हणते. पडून फुटला, की हो म्हणते. मूठ दाबायचा मान घरातल्या बाईचा. तिनं लाडू सोडून पाहीपर्यंत बयाजीच्या वंशातला गडीसुद्धा पोत्याला हात लावत नाही.