थरथरत्या हातांची सनई

श्रीअचलनाथ महाराज त्या वर्षी खडकोलीस नदीकाठच्या धर्मशाळेत उतरले होते. सारे गाव दर्शनाला आत जाई. खंडू गुरव मात्र बाहेरच्या पायरीवर बसून परत फिरे.

खंडू देवीच्या देवळात सनई वाजवी. त्याची बायको येसू बाळंतपणात गेली आणि घर ओस पडले. जीव कासावीस होई, म्हणून तो पिऊ लागला. सुरुवातीला दोन घोट पोटात गेले की येसू उंबऱ्यात उभी दिसे, "जेवलात का?" म्हणून विचारी. हळूहळू पेले वाढले आणि येसू दिसेनाशी झाली. आता तर सकाळी घेतल्यावाचून हातांचा कंप थांबत नसे.

देवळाचे कारभारी राघोपंत चारचौघांत म्हणत, "याच्या फुंकरीने देवीलाच झिंग यायची."

उत्सवाच्या आदल्या दिवशी महाराज स्वतः पायरीवर येऊन बसले. "खंडू, येसू अजून येते का रे?"

"नाही महाराज. आता नुसती तहान येते."

"मग उद्या न पिता वाजव."

"हात ऐकत नाहीत, महाराज."

"बघू."

सकाळी देऊळ भरले. खंडूने सनई ओठांना लावली. घामाने अंग भिजले, बोटे ठरेनात, सूर फाटला. पंत हसले. "देवीला कोल्हेकुई ऐकवतोस काय?"

महाराज उठले. त्यांनी खंडूचे दोन्ही हात क्षणभर छातीशी धरले आणि सोडले. त्यानंतर सनई अशी वाजली की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. वाजवता वाजवता खंडूला येसूचा चेहरा आठवला, कितीतरी दिवसांनी, स्पष्ट.

पंतांनी महाराजांना तीर्थ दिले. ते सांडले. महाराजांचे हात पानासारखे थरथरत होते, ओठ कोरडे पडले होते.

"महाराज, हे काय?" पंतांचा आवाज चिरकला.

"हे घेऊन तो रोज तुझ्या देवळात येत होता, पंता."

खंडू धावत येऊन पायांवर कोसळला. "महाराज, तिची आठवणही घ्या. सोसत नाही."

"ती कशी घेऊ, बाळा? ती तुझी आहे. फार दाटून आली की सनई घे, नाहीतर माझ्याकडे ये. एकटा बसू नकोस."

पंतांनी महाराजांच्या ओठांना तीर्थ लावले. मग पंत त्यांच्या चरणांवर वाकू लागले.

"इथे नको," महाराज म्हणाले.

पंत वळले आणि भर देवळात त्यांनी खंडूच्या पायांवर डोके ठेवले.