आजार उलटणारच होता

“पोरीचा आजार परत उलटणार, हे मी आधीच सांगितलं होतं की नाही, सर?”

छोटे डॉक्टर निनाद दारातूनच विचारत आत आले. म्हातारे कोपर्डेकर सर त्यांचे गुरू, लहान मुलांच्या किडनीचे डॉक्टर. सरांसमोर आमच्या शेजारची वैजू बसलेली. मांडीवर तिची मुक्ता. डोळे सुजून नुसत्या चिरा राहिलेल्या. मी आपली सोबतीला. एकटीला कसं पाठवायचं तिला?

सर मुक्ताची पापणी बोटानं वर करून बघत होते.

“रक्त, लघवी, मागचं सगळं मांडून अंदाज बांधला, सर. दिवाळीच्या आत उलटेल म्हटलं. उलटला!”

“हुशार आहेस. कुणाला म्हटलंस?”

“यांनाच.”

सर वैजूकडे वळले. “मग तुम्ही काय केलंत, बाई?”

वैजू पदराचं टोक पिळत राहिली...

मीच ढोसलं तिला. “सांग की गं. डॉक्टरांपासून काय लपवायचं?”

“गोळी बंद केली.”

“स्टिरॉइडची?”

“हो.”

“का?”

“त्या गोळीनं तोंड फुगायचं हिचं. सासूबाई म्हणायच्या, बाळसं धरलंय. शाळेत पोरी भोपळी म्हणून चिडवायच्या. घरी आली की आरसा पालथा करून ठेवायची... त्यात हे छोटे डॉक्टर म्हणाले, उलटणारच. म्हटलं, उलटणारच आहे ना, मग तोवर पोरीला तिचं तोंड तरी परत मिळू दे.”

“मिळालं?”

“मिळालं की. फोटोसुद्धा काढला.”

छोट्या डॉक्टरांनी मान खाली घातली. पण गप्प राहवेना त्यांना.

“तरी सर... अंदाज तर बरोबरच आला.”

सरांनी मुक्ताचा सुजलेला पाय अलगद उचलून त्यांच्यापुढे धरला.

“दाब.”

“सर, सूज दिसतेच आहे...”

“दाब म्हणतो ना.”

छोट्या डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला. उचलला. मळलेल्या कणकेत पडावा तसा खड्डा पडला, आणि तसाच राहिला.

मुक्तानं वाकून बघितलं. “दुखलं नाही हां, डॉक्टरकाका,” ती म्हणाली.

वैजूनं तोंडाला पदर लावला. मला मेलीला तर कुठं बघावं कळेना.

सरांनी पाय सोडला नाही.

“आता हा खड्डा कधी भरेल,” ते म्हणाले, “तेवढं सांग त्यांना.”