हसबनीस सरांचं तिसरं मशीन

"...आणि हसबनीस सरांच्या घरी गेलं की आंधळ्याला म्हणे दिसायला..."

एवढंच शालनताईंच्या कानावर पडलं. पुढचं गिरणीच्या घरघरीत गेलं, आणि बोलणाऱ्या दोघी पिठाचे डबे उचलून चालत्या झाल्या.

अर्धी गोष्ट पोटात ठेवून शालनताईंना चैन पडणार होती थोडीच! बारा वर्षांचा शेजार, आणि आपल्यालाच पत्ता नाही? घरी येऊन त्यांनी वाडगाभर वरणफळं झाकून घेतली आणि सरांचं दार लोटलं.

आत एक तरुण तावातावानं विचारत होता, "पण कुणासाठी, सर?"

सरांनी ताईंना हातानंच खुर्ची दाखवली. ताई बसल्या. वाडगा मांडीवरच राहिला.

तरुणाचं नाव चैतन्य बागवे. सरांनी वीस वर्षं सांभाळलेलं एक सॉफ्टवेअर होतं. कॉम्प्युटरवरचं मराठी ते ब्रेलच्या ठिपक्यांत उतरवायचं. कुणीही फुकट न्यावं, उघडून बघावं, सुधारावं. चैतन्य तीन वर्षं पुण्यात बसून त्यात सुधारणा करत होता. आता पंच्याहत्तरीला आलेले सर ते त्याच्या हवाली करणार होते. म्हणून तो पहिल्यांदाच कराडला आला होता.

टेबलावर तीन कॉम्प्युटर. एकावर यंदाची ऑपरेटिंग सिस्टीम, दुसऱ्यावर तिच्या आधीची, तिसऱ्यावर बारा वर्षांपूर्वीची. केलेला बदल तिन्हींवर चालल्याशिवाय सर तो बाहेर सोडत नसत.

"नव्यावर तासाभराचं काम असतं, सर. आणि या तिसऱ्या म्हातारीपायी दोन-दोन दिवस! तिला बनवणाऱ्यांनीसुद्धा सोडून दिलंय. मी तिच्यासाठीचं सगळं काढून टाकलंय. तुम्ही फक्त हो म्हणा. नाहीतर... मला जमायचं नाही."

"मग कुणाला जमेल?"

"दुसरं कुणीच नाही. ते तुम्हालाही माहीत आहे."

काय बाई हा तोरा, ताईंच्या मनात आलं.

सरांना राग आलेला दिसला नाही. "तिसरीवर किती जण आहेत?" त्यांनी विचारलं.

"चार वर्षांत एकानंही डाउनलोड केलेलं नाही. आकडा समोर आहे. शून्य."

"शून्य..."

सर घड्याळाकडे बघून म्हणाले, "पाटणची गाडी यायची आहे. तोवर बस."

थोड्या वेळानं उंबऱ्यावर काठी वाजली. आत आले ते आनंदा सुतार. पाटणच्या डोंगरातल्या अंधशाळेत पुस्तकं छापायचं काम करणारे, स्वतः जन्मांध. गळ्यात काळ्या दोऱ्यात पेनड्राइव्ह, ताईत घालावा तसा.

"सर, नवं आलं का? कोण ते बागवे हायत, त्यांनी अपूर्णांक दुरुस्त केला म्हणं."

चैतन्यनं मान वर केली.

"सोमवारी पाचवीचा गणिताचा पेपर हाय. आमच्याकडल्यात अंश अन् छेद एकमेकाला चिकटूनच येत्यात. पोरांनी कुठं बोट थांबवायचं? परवा एक पोरगी रडाया लागली, मी ढ हाय म्हणून. म्या म्हणलं, तू न्हाईस गं, कागद ढ हाय."

"तुम्ही... नेटवरून का घेत नाही?" चैतन्यनं विचारलं.

"आमच्या डोंगरात कुठलं आलंय नेट!"

"मग कॉम्प्युटर तरी नवा घ्या."

"दिलेत की चांगल्या लोकांनी दोन. पर आमचं ठिपक्यांचं छपाईयंत्र त्या जुन्याबिगर कुणाचं ऐकत न्हाई."

सरांनी आनंदाच्या गळ्यातला पेनड्राइव्ह सोडवला आणि चैतन्यच्या तळहातावर ठेवला. मग तिसऱ्या कॉम्प्युटरसमोरची खुर्ची मागे ओढली...

चैतन्य बसला. तिच्यासाठीचं काढून टाकलेलं त्यानं परत जोडलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. पुन्हा केलं. पुन्हा लाल. त्याचं स्वतःचं काम त्या म्हातारीला कळेना. बाकी सगळं बाजूला ठेवून त्यानं नुसता अपूर्णांक हातात घेतला, आणि जे नव्यावर एका ओळीत भागलं होतं ते जुन्या पद्धतीनं, ओळीमागून ओळ, लिहायला लागला.

आनंदाला सहाची गाडी गाठायची होती. सरांनी एकदाही वाकून बघितलं नाही.

शालनताईंना राहवेना. "अहो दादा, विचारू का एक? इथं येऊन तुम्हाला दिसायला लागलं का हो?"

आनंदा मोठ्यानं हसले. "दिसत तर काय बी न्हाई, ताई. वाचतो मातूर."

आणि पिशवीतून त्यांनी एक जाड पुस्तक काढलं. कोऱ्या पांढऱ्या पानावर बोटं टेकवली. "देवमासा मासा न्हाई," ते वाचू लागले. "तो श्वास घ्यायला पाण्याच्या वर येतो..."

ताईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. शाईचा एक थेंब नसलेल्या कागदावरून दोन बोटं चालली होती, आणि तिथून लाटा निघत होत्या, पाण्याचा फवारा उडत होता. ताईंचे हात आपोआप जुळले. त्यांना कळलंही नाही.

साडेपाचला अक्षरं हिरवी झाली.

चैतन्यनं पेनड्राइव्ह स्वतःच्या हातानं आनंदाच्या गळ्यात बांधला.

"लई उपकार झाले. नाव काय म्हणायचं?"

चैतन्यचे ओठ हलले... "सरांचा विद्यार्थी," तो म्हणाला.

काठीचा आवाज जिन्यावरून उतरत गेला. गिरणीवरचं अर्धंच खरं निघालं होतं. घरघरीत गेलेलं पुढचं विचारायचं ताईंच्या मनातही आलं नाही.

चैतन्य पुन्हा तिसऱ्या मशीनसमोर येऊन बसला होता.

"सर, आकड्यात न दिसणारे असे आणखी किती असतील?"

सरांनी ताईंच्या मांडीवरचा गार झालेला वाडगा उचलला, झाकण काढून वास घेतला.

"आकड्याला विचारलंस तर शून्य," ते म्हणाले.