भिंगरीच्या गालातली उंबरं

उंबरं आजच्यापेक्षा गोड होती, तेव्हाची गोष्ट. भिंगरी माकडीण साऱ्या कळपाच्या उवा काढायची. पण हल्ली ती जवळ सरकली, की जो तो तोंड फिरवायचा. एकदा तर तिची नातसुद्धा मांडीवरून पळाली.

तोंडाला वास येतो, हे तिला कळत होतं. तिने तुळस चघळली, पुदिना चावला. घटकाभर बरं वाटे, मग पुन्हा तेच. “म्हातारपणाचा भोग,” म्हणत ती झाडाखाली एकटीच बसू लागली.

तिथून चिचुंद्री चालली होती. भिंगरी म्हणाली, “तुझ्याही वासाला सगळे नाकं मुरडतात. कसं सोसतेस गं?”

“माझा वास जन्माचा आहे, बाई. तुझा नाही. आ कर बघू!” चिचुंद्रीने आत डोकावलं. “अगं, गालात काय कोंबून ठेवलंयस?”

भिंगरी ओशाळली. माकडाची जातच ती, मिळेल ते आधी गालात! बोटाने कोरलं, तर अडीअडचणीला म्हणून ठेवलेली उंबरं निघाली, काळी, कुजलेली. तिने ओढ्यावर चुळा भरल्या, काडीने जीभ खरवडली.

“आता हे रोज, खाल्लंस की लगेच,” चिचुंद्रीने बजावलं.

आठवड्याभरात नात पुन्हा मांडीवर आली. भिंगरीचा जीव भांड्यात पडला. मग तिने चिचुंद्रीलाही बोलावलं आणि तिच्या उवा काढायला घेतल्या.

नातीने नाक दाबलं. “आजी, हिला वास येतो!”

“येऊ दे,” भिंगरी म्हणाली. “तुम्ही सगळ्यांनी तोंडं फिरवलीत. आत डोकावली ती हीच.”