थंड वडे

"मग अप्पा, नाटक बंदच करू ना?"

प्रयोग चालू असतानाच शर्वाणीनं वर्तमानपत्र विंगेतल्या अप्पांच्या मांडीवर टाकलं. एरवी हिचे हात आभाळाला टेकलेले असायचे. आज तोंड चिमणीएवढं झालं होतं.

अप्पा खाडे चाळीस वर्षं विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवत आलेले. नाटक कसं बसवायचं ते शर्वाणी त्यांच्याजवळच शिकली. तिच्या या पहिल्या विनोदी नाटकात एक मुलगी होती आणि तिच्यावर जीव टाकणारे दोघे, एक डॉक्टर आणि एक सायकलवाला. समीक्षकानं लिहिलं होतं, 'प्रेमाचा तोच शिळा त्रिकोण. मुलगी कुणाची होणार, हे पहिल्या अंकातच कळतं.'

"वाचलंत?"

"चष्मा विसरलो."

"मी वाचून दाखवते."

"नको... मध्यंतर झालं बघ. दोन वडे आण. गरम आण."

दिग्दर्शिकेनं वडे आणायचे? शर्वाणी पाय आपटत कॅन्टीनकडे गेली.

गर्दी तर होती, पण खात कुणीच नव्हतं. एक काकू नवऱ्याला झापत होत्या.

"डॉक्टरला स्वतःचा वाढदिवस लक्षात राहत नाही. तिचा काय राहणार?"

"अगं, पण त्या सायकलवाल्याचं दुकान तरी धड चालतं का?"

शेजारचे दोन आजोबा, ओळख ना पाळख, तेही भांडणात पडले. वडे हातातल्या हातात निवत होते.

"ताजा घाणा काढलाय, अन् लोक नुसते भांडतायत," कॅन्टीनच्या मालतीबाई शर्वाणीवर करवादल्या. "तुमच्या नाटकानं वाट लावली माझ्या वड्यांची."

तिसरी घंटा झाली. अर्धे वडे बशीत टाकून माणसं आत पळाली. काकू सगळ्यांच्या पुढे.

शर्वाणी रिकाम्या कॅन्टीनमध्ये उभी राहिली. आनंदानं तिचे डोळे भरून आले, आणि ते तिनं मालतीबाईंपासून लपवलंही नाही.

वडे घेऊन ती विंगेत परतली तेव्हा आत अख्खं थिएटर हसत होतं.

"अप्पा, थंड झालेत."

"असू दे."

"रविवारचा प्रयोग लावतेय. त्याच्या पुढचाही."

"हं."

"पण अप्पा... मग त्या समीक्षकालाच का नाही आवडलं?"

अप्पांनी थंड वड्याचा तुकडा मोडला. सावकाश चावला.

"त्या दिवशी त्याला मध्यंतरात वडा मीच खुर्चीवर नेऊन दिला होता... गरमच खाल्ला त्यानं."