पाणी पुलाखालनंच गेलं पाहिजे

एका गावच्या रस्त्यावर एक भोळा मैलकुली होता. मैलकुली म्हणजे सरकारी रस्त्याची डागडुजी करणारा माणूस. त्याचं नाव शिदू. अंगाने धिप्पाड, कामाचा कंटाळा नाही, आणि सांगितलेलं काम अगदी सांगितल्याप्रमाणे करायचा. दुखणं तेच होतं.

त्याचे मुकादम होते भैरूअण्णा. त्यांच्या लेकीचं, वैजूचं लग्न ठरत आलं होतं. मुलाचे वडील हिंदुराव भारी तिरसट. "पोरगी पसंत हाय, तुमच्या गावचा रस्ता पसंत न्हाई," असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. रस्त्याच्या मुकादमाला हे बोलणं फार लागलं.

बैठकीच्या दिवशी असं ऊन पडलं की रस्त्यावरचं डांबर पाघळायला लागलं. असलं ऊन पूर्वी त्या गावात पडत नव्हतं. हिंदुरावांची एक चप्पल डांबरात चिकटली ती चिकटलीच. एकाच पायात चप्पल घालून ते अण्णांच्या दारात आले.

अण्णा शिदूवर उखडले. "डोळे फुटले का तुझे? पातळ झालं की वरनं बारीक खडी टाकायची."

"टाकतो," शिदू म्हणाला.

खडीचं घमेलं डोक्यावर घेऊन तो मागच्या दाराने निघाला. तिथे चुलीवर आमटी होती. पाहुणे वाढले म्हणून अण्णांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, तिच्यात तांब्याभर पाणी ओतलं होतं. शिदूने वाकून पाहिलं. आमटी पातळ झाली होती.

पहिल्याच घासाला हिंदुरावांची दाढ हलली.

काकूंनी कपाळावर हात मारला. "पातेल्यावर झाकण न्हवतं, माझंच चुकलं. शिदबा, एवढं ध्यानात ठेव. उघडं तोंड दिसलं की झाकायचं."

"झाकतो," शिदू म्हणाला.

बाहेर हिंदुराव आ वासून दाढ चाचपत होते. शिदूने त्यांच्या तोंडावर ताट झाकलं.

तरीही लग्न ठरलं, कारण मुलाला वैजू फार आवडली होती. अण्णांच्या जिवात जीव आला. शिदू मात्र उघडी तोंडं शोधत रस्त्याने निघाला. गावाबाहेर ओढा होता आणि त्यावर रस्त्याखाली जुन्या नळ्यांची मोरी होती. सगळ्या नळ्यांची तोंडं उघडी. शिदूने दिवसभर खपून ती दगडमातीने लिंपून टाकली, हात धुतले आणि समाधानाने घरी गेला.

लग्नाच्या आदल्या दिवशी अवकाळी पाऊस आला. महिन्याभरात पडायचा तो एका दुपारीच पडला. ओढ्याने मोरीपाशी वाट पाहिली, वाट मिळेना, मग तो रस्त्यावर चढला आणि जाताना रस्ता बरोबर घेऊन गेला. वऱ्हाड पलीकडे अडलं. लग्न वर्षभर लांबलं. वैजू कोणाशी बोलेना आणि अण्णांना भाकर गोड लागेना.

शेंडगेबाई नावाच्या इंजिनिअर पाहणीला आल्या. अण्णांनी शिदूला त्यांच्यापुढे उभं केलं.

"यानं नळ्या बुजवल्या हे खरं," बाई म्हणाल्या, "पण उघड्या असत्या तरी एवढं पाणी मावलं नसतं. या नळ्या आजोबांच्या काळातल्या पावसाच्या मापाने घातल्यात. पाऊस बदलला, ऊनही बदललं, रस्ता तोच राहिला. आता उंच पूल बांधू आणि उन्हाला टिकेल असं डांबर घालू."

पूल झाला. उसाची भरलेली ट्रॉली खालून आरामात जाईल इतका उंच. जाताना बाईंनी शिदूला बजावलं, "वरून पाणी गेलं तर रस्ता गेला. पाणी पुलाखालनंच गेलं पाहिजे."

"खालनंच," शिदू म्हणाला.

लग्नाची तारीख पुन्हा धरली. हिंदुरावांचा निरोप आला, 'यंदा रस्त्यात अडलो तर वऱ्हाड माघारी फिरवीन.' अण्णांनी शिदूच्या हातात लाल झेंडी दिली आणि त्याला पुलावर उभं केलं. "हिकडची दुनिया तिकडं होऊ दे, बाई म्हणाल्या तसंच कर."

भर मे महिना. वऱ्हाडाची बस आली. शिदूने झेंडी दाखवली.

"बसमधी पाणी हाय का?"

"इंजिनात हाय की," ड्रायव्हर म्हणाला. "लोकांच्या बाटल्याबी हायत."

"मग खालनं."

ड्रायव्हरला वाटलं, नव्या पुलाला तडा गेला असणार. बांधकामाच्या वेळचा कच्चा वळणरस्ता ओढ्यात उतरत होता. बस खाली उतरली आणि बरोबर पुलाखाली येऊन वाळूत रुतली.

"माघारी घे," हिंदुराव ओरडले. ड्रायव्हरने खूप जोर लावला. बस माघारीही येईना.

नवरदेव वैतागला आणि बाशिंग सावरत चालतच पुलावर आला. त्याच्या हातात बाटली नव्हती. शिदू त्याला सोडणारच होता, पण त्याने जरा जवळ जाऊन पाहिलं. नवरदेवाच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

"तुमीबी खालनं," शिदू म्हणाला.

एवढ्यात गावाकडून भटजी नवरदेवाला शोधत आले. त्यांच्या हातात कलश होता. त्यांना विचारायचीही गरज पडली नाही. मुहूर्त टळायला आला तसे अण्णा वैजूला घेऊन धावत आले आणि थेट ओढ्यात उतरले.

वर रस्ता भाजत होता. पुलाखाली गार सावली होती. तिथेच अंतरपाट धरला आणि मंगलाष्टकं अशी घुमली की म्हणणाऱ्यांनाच आपल्या आवाजाचं कौतुक वाटलं. अक्षता पडल्यावर हिंदुरावांनी मान वर करून पुलाच्या छताकडे पाहिलं. "अण्णा, एवढा उंच मांडव आमच्या पावण्यांत कुणी घातला न्हाई."

संध्याकाळी ट्रॅक्टरने बस ओढून काढली. वैजू सासरी निघाली. अण्णा पुलाच्या कठड्याला धरून बस दिसेनाशी होईपर्यंत उभे होते. त्यांचे डोळे भरून आले, गाल भिजले.

शिदू जवळ आला. त्याने अण्णांचा चेहरा नीट निरखला आणि हलकेच त्यांचा दंड धरला.

"मुकादम, हितं न्हाई. खाली चला."

अण्णांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने खाली उतरले.